कम्युनिटी कॉलेजमधून लवकर ट्रान्सफर : कॅलिफोर्नियातल्या मराठी मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

बे एरियातल्या मराठी घरांमध्ये कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षं शिकून चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येतं अशा स्वस्त सरकारी कॉलेजचं, आता नवल राहिलेलं नाही. कुणाचा मुलगा डी आन्झाला जातो, कुणाची मुलगी ओलोनीला. पुण्या-नाशिकहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर थेट फूटहिलला किंवा सांता मोनिकाला आलेली मुलंही भेटतात. अशा मुलांबरोबर बसून मी त्यांचे टर्मवार आराखडे करते. बसल्याबसल्या पहिला प्रश्न ठरलेला असतो : दोन वर्षं थांबायलाच हवं का? त्या प्रश्नाची आणि त्याला चिकटून येणाऱ्या इतर प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ती कॅलिफोर्नियापुरती आहेत. टेक्सास, वॉशिंग्टन, न्यू जर्सी यांचे नियम वेगळे. इथले नियमही दरवर्षी थोडे हलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी आपल्या कॉलेजच्या ट्रान्सफर काउन्सेलरला भेटाच.

लवकर ट्रान्सफर म्हणजे नक्की काय?

या शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

पहिली : दोन वर्षांचं काम एका वर्षात किंवा दीड वर्षात संपवायचं, म्हणजे ६० सेमिस्टर युनिट, कोर्स पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक (क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात ९०), लवकर गोळा करायचे आणि चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला, ज्युनियर म्हणून जायचं. यात एक वर्ष खरोखर वाचतं.

दुसरी : ३० युनिटांच्या आसपास झाले की निघायचं आणि विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला, सोफोमोर म्हणून बसायचं. यात पदवीला लागणारी एकूण वर्षं तेवढीच राहतात. फक्त स्वस्त कॉलेजातलं एक वर्ष कमी होतं आणि महागड्या विद्यापीठातलं एक वाढतं.

मुलाच्या मनात यातलं कोणतं आहे ते आधी त्यालाच विचारा. बहुतेकदा त्यानेही ते ठरवलेलं नसतं.

यूसी दुसऱ्या वर्षाला का घेत नाही?

याचं मूळ १९६० सालच्या कॅलिफोर्निया मास्टर प्लॅनमध्ये आहे. क्लार्क कर तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, म्हणजेच यूसीचे, प्रेसिडेंट होते. त्या आराखड्यात कामं वाटून दिली गेली : हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना यूसीत जागा, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट कॉलेजांत, आणि कम्युनिटी कॉलेजची दारं सगळ्यांना उघडी. त्यातून पुढे जाणाऱ्यांना जागा उरावी म्हणून विद्यापीठांनी पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी ४० टक्क्यांच्या आसपास आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे ६० टक्के ठेवावेत, असं सुचवलं होतं. म्हणजे ट्रान्सफरचं दार मुळात तिसऱ्या वर्षालाच बसवलेलं आहे. यूसीच्या कॅम्पसवर सोफोमोर म्हणून ट्रान्सफर जवळजवळ मिळत नाही, ते या रचनेमुळे. मुलाच्या हुशारीचा त्याच्याशी संबंध नाही.

या रचनेची दुसरी बाजू मात्र मुलांच्या फायद्याची आहे. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना यूसी ट्रान्सफरमध्ये अग्रक्रम देते. दुसऱ्या राज्यातल्या किंवा खासगी चार वर्षांच्या कॉलेजमधल्या मुलांना तो मिळत नाही.

मग एका वर्षात ६० युनिट होतात का?

काही मुलांचे होतात. डी आन्झाचं उदाहरण घेऊ, कारण तिथे क्वार्टर पद्धत आहे आणि हिशोब ९० चा आहे. फॉल, विंटर आणि स्प्रिंग या तीन क्वार्टरमध्ये प्रत्येकी १५ युनिट घेतले तर ४५ होतात. प्रत्येकी २० घेतले तर ६०. पण तीन क्वार्टर सलग २० युनिट रेटून चांगले ग्रेड टिकवणारी मुलं मी फार थोडी पाहिली आहेत. शिवाय ठरावीक मर्यादेच्या वर युनिट घ्यायला काउन्सेलरची परवानगी लागते.

उरलेले ३०-४५ युनिट आधीच हातात असावे लागतात आणि ते येतात एपी परीक्षांतून (हायस्कूलमध्येच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा), हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या कॉलेजच्या वर्गांतून आणि उन्हाळ्याच्या सत्रातून. एपीत ३ किंवा जास्त गुण असले की यूसी युनिट देते. कॅल्क्युलस बीसी, बायॉलॉजी, केमिस्ट्री, यूएस हिस्टरी यांचे प्रत्येकी ८ क्वार्टर युनिट मिळतात. कॅल्क्युलस एबी, सायकॉलॉजी, मायक्रोइकॉनॉमिक्स यांचे ४. इंग्लिशच्या दोन्ही एपी दिल्या तरी मिळून ८ च. म्हणजे ज्या मुलीने हायस्कूलमध्ये मोठ्या चार एपी दिल्या, तिच्याकडे पहिल्या दिवशीच ३२ युनिट आहेत. हायस्कूल संपताच उन्हाळ्यात दोन कोर्स केले की ती चाळिशी ओलांडते. तिच्यासाठी एक वर्षाचा आराखडा कागदावर उभा राहतो.

ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याने एका वर्षाचा विचार सोडून द्यावा. दोन उन्हाळे नीट वापरून दीड वर्षात युनिट पुरे करता येतात. पण यूसीचे बहुतेक प्रवेश फॉललाच होतात, त्यामुळे वाचलेले ते सहा महिने पुष्कळदा वाट पाहण्यातच जातात.

युनिट जमले. आता काय अडतं?

अडतात ते मेजरच्या, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाच्या, तयारीचे कोर्स, कारण ते एकापुढे एक साखळीत बांधलेले असतात. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा.

मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जाऊ पाहणारा मुलगा घ्या. डी आन्झात कॅल्क्युलसचे चार कोर्स आहेत : मॅथ १ए, १बी, १सी, १डी. फिजिक्सचेही चार : ४ए, ४बी, ४सी, ४डी. फिजिक्स ४ए ला बसायला कॅल्क्युलसची सुरुवात झालेली लागते. पुढच्या प्रत्येक फिजिक्सला आधीचं फिजिक्स आणि कॅल्क्युलसचा पुढचा टप्पा लागतो. एकाच साखळीतले दोन कोर्स एका क्वार्टरमध्ये शेजारी शेजारी घेऊन पळता येत नाही. मॅथ १ए फॉलमध्ये घेतलं तर १बी आणि फिजिक्स ४ए विंटरमध्ये, १सी आणि ४बी स्प्रिंगमध्ये. पहिलं वर्ष संपलं आणि फिजिक्सची अर्धी साखळी अजून बाकी आहे. कॅल्क्युलसच्या साखळीनंतर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रा. जनरल एज्युकेशनचे, म्हणजे सगळ्या मेजरना लागणाऱ्या सामान्य विषयांचे, चाळीस युनिट हातात असले तरी या मुलाला त्यांचा काही उपयोग नाही.

आता इतिहास, समाजशास्त्र, इंग्रजी साहित्य किंवा राज्यशास्त्र घेऊ पाहणारी मुलगी घ्या. तिच्या मेजरच्या तयारीचे कोर्स मोजके असतात आणि त्यांना क्रम फारसा नसतो. एका वर्षात यूसीला गेलेल्या मुलांमध्ये अशा विषयांची मुलं जास्त दिसतात ती म्हणूनच. आपल्या घरांत कंप्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगचा आग्रह असतो आणि घाईही तिथेच असते. नेमक्या याच विषयांत घाई सगळ्यात कमी चालते. या मेजरना प्रवेश देताना तयारीचे कोर्स पूर्ण आहेत का आणि त्यांत ग्रेड काय आहेत, हे फार बारकाईने पाहतात.

एक सूचना. साखळी मध्येच तोडून कॉलेज बदलू नका. क्वार्टर कॉलेजात कॅल्क्युलसचे दोन कोर्स करून सेमिस्टर कॉलेजात उरलेले करायला गेलं की मधला काही भाग दोनदा शिकावा लागतो, काही सुटतो. आणि विद्यापीठ कधीकधी संपूर्ण मालिका एकाच ठिकाणची मागतं.

कोणते कोर्स लागतात हे कुठे पाहायचं?

असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर. तिथे आपलं कॉलेज, जायचं विद्यापीठ आणि मेजर निवडलं की दोन रकाने उघडतात. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स, उजवीकडे त्याच्याशी जुळणारा तुमच्या कॉलेजचा कोर्स. जिथे उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं दिसतं, तिथे तुमच्या कॉलेजात तो कोर्स नाही. तो शेजारच्या कॉलेजात मिळतो का ते शोधा. कूपर्टिनोत राहणारी मुलं एखादा कोर्स सांता क्लाराच्या मिशन कॉलेजात किंवा साराटोगाच्या वेस्ट व्हॅलीत घेतात ते याच कारणाने.

दोन कोर्स ‘अँड’ने जोडलेले असतील तर दोन्ही लागतात. एकच केलात तर त्या ओळीचं श्रेय मिळत नाही. हा ‘अँड’ नजरेतून फार जणांच्या सुटतो.

२०२५ च्या फॉलपासून काही कोर्सना राज्यभर एकच क्रमांक आला आहे, उदाहरणार्थ पहिल्या इंग्रजी कोर्सला सगळीकडे इंग्लिश सी-१०००. मोठ्या भावंडांनी दिलेल्या जुन्या याद्यांवर विसंबू नका. जनरल एज्युकेशनचा साचाही तेव्हापासून कॅल-गेटसी झाला आहे, ३४ सेमिस्टर युनिटांचा.

एका वर्षात जायचं तर कॅल-गेटसी पूर्ण करायलाच हवं का?

यूसीसाठी बहुतेक मेजरना सक्ती नाही. विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना तर यूसीच सांगते की आधी मेजरची तयारी करा. राहिलेलं जनरल एज्युकेशन विद्यापीठात जाऊन पूर्ण करता येतं. मात्र यूसीचा सात कोर्सचा किमान साचा सोडता येत नाही : इंग्रजीचे दोन, गणिताचा एक आणि कला-मानव्यविद्या, समाजशास्त्रं, विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतले मिळून चार.

पहिल्याच नोव्हेंबरमध्ये अर्ज करायचा? तेव्हा तर ग्रेडच नसतात!

अगदी बरोबर. एक वर्षाच्या आराखड्याची सगळ्यात दुखरी जागा हीच आहे. यूसीचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा असतो, पुढच्या फॉलसाठी. सप्टेंबरच्या शेवटी डी आन्झात पाऊल ठेवलेल्या मुलाकडे नोव्हेंबरमध्ये कॉलेजचा एकही ग्रेड नसतो. एपीचे गुण जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत. जानेवारीत अर्ज अद्ययावत करताना फॉलचे ग्रेड जातात, म्हणजे एकाच क्वार्टरच्या तीन-चार कोर्सवर सगळं तोललेलं राहतं. त्यात एखादा सी आला की जीपीए धाडकन खाली येतो, आणि त्याला सावरायला दुसरे ग्रेड नसतात.

दोन वर्षं घेणाऱ्या मुलाकडे त्याच वेळी संपूर्ण वर्षाचे आणि उन्हाळ्याचे ग्रेड असतात. तुमच्या मुलाची स्पर्धा त्याच्याशी आहे. किमान जीपीए इथल्या रहिवाशांना २.४ आणि बाहेरच्यांना २.८ आहे, पण यूसीच्या बर्कली आणि यूसीएलए या कॅम्पसच्या मागणी असलेल्या मेजरना या किमान आकड्यांचा काही उपयोग नाही.

म्हणून एका वर्षात जायचंच असेल तर हायस्कूल संपताच उन्हाळ्यात कॉलेजचे कोर्स घ्या आणि त्यांत उत्तम ग्रेड आणा. हायस्कूलमध्ये असताना कॉलेजचे वर्ग केले असतील तर त्यांचे ग्रेडही इथे मोजले जातात. जिने अकरावीत गंमत म्हणून घेतलेल्या वर्गात सी आणला, तिचा तो सी इथे समोर येतो.

टॅग म्हणजे काय? त्याने लवकर जाता येतं का?

टॅग म्हणजे प्रवेशाची आगाऊ हमी. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस ती देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅगचा अर्ज सप्टेंबर महिन्यात, एकाच कॅम्पसला. नंतर नोव्हेंबरचा नेहमीचा अर्ज करावाच लागतो, आणि तिथे इतर कॅम्पसही निवडता येतात.

अट अशी की टॅगचा अर्ज करण्याआधीच ३० सेमिस्टर किंवा ४५ क्वार्टर युनिट पूर्ण हवेत. पहिल्या वर्षाला नुकत्याच आलेल्या मुलाकडे सप्टेंबरमध्ये एवढे युनिट क्वचितच असतात. सगळी मेजरही यात येत नाहीत; सांता बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज टॅगमध्ये नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. एक वर्ष वाचवण्यासाठी टॅगची हमी सोडून देणं बहुतेक मुलांच्या हिताचं नाही. ज्या मुलाला डेव्हिस किंवा अर्वाइन मनापासून चालणार आहे, त्याने दुसरं वर्ष पूर्ण करावं, हमी घ्यावी आणि रात्री शांत झोपावं.

कॅल स्टेटचं काय?

सॅन होजे स्टेट, ईस्ट बे, सॅक्रामेंटो वगैरे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे (सीएसयूचे) बहुतेक कॅम्पसही ६० युनिट झालेल्यांनाच ट्रान्सफरमध्ये घेतात. तोंडी संवाद, लेखन, तर्कशुद्ध विचार आणि गणित या चार कोर्सना तिथे ‘गोल्डन फोर’ म्हणतात. चारही सी-मायनस किंवा वरच्या ग्रेडने झालेले लागतात. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) घेतली तर सीएसयूमध्ये कुठेतरी जागा नक्की मिळते, पण हव्या त्या कॅम्पसची आणि मेजरची हमी नसते. काही कॅम्पस स्प्रिंगलाही प्रवेश देतात, त्यामुळे दीड वर्षात निघू पाहणाऱ्याला यूसीपेक्षा इथे संधी जास्त आहे.

हेवर्डच्या शॅबो कॉलेजातून सॅक्रामेंटो स्टेटला गेलेला एक मुलगा पुढे जगभर ओळखला गेला : टॉम हँक्स. कम्युनिटी कॉलेजबद्दल तो आजही प्रेमाने बोलतो.

खासगी विद्यापीठं दुसऱ्या वर्षाला घेतात ना?

हो. दुसऱ्या अर्थाने लवकर जायचं, म्हणजे एका वर्षानंतर सोफोमोर म्हणून, तर खरा रस्ता हाच. यूएससी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) कम्युनिटी कॉलेजमधून मोठ्या संख्येने मुलं घेते. कॉर्नेलही ट्रान्सफरना बऱ्यापैकी जागा देते. स्टॅनफर्ड घेते, पण अगदी मूठभर.

हायस्कूलनंतर ज्यांना थेट प्रवेश नाकारला जातो त्यांतल्या काही मुलांना यूएससी ‘ट्रोजन ट्रान्सफर प्लॅन’ आणि कॉर्नेल ‘ट्रान्सफर ऑप्शन’ देऊ करते : एक वर्ष दुसरीकडे ठरावीक कोर्स चांगल्या ग्रेडने करा आणि मग या. असं पत्र आलं असेल तर त्यातली कोर्सची यादी समोर ठेवूनच पहिल्या टर्मची नोंदणी करा.

खासगी अर्जाची चाल यूसीपेक्षा पार वेगळी आहे. यूसी शिफारसपत्रं मागत नाही. सॅटही नाही. तिथे ३५० शब्दांपर्यंतची चार उत्तरं लिहायची असतात, त्यांतलं मेजरच्या तयारीबद्दलचं सक्तीचं. खासगी विद्यापीठं बहुधा प्राध्यापकांची पत्रं, कॉलेज रिपोर्ट आणि चालू टर्मचे ग्रेड मागतात. तुमचे कॉलेजचे युनिट कमी असतील तर हायस्कूलचा रेकॉर्डही बारकाईने पाहतात, म्हणजे हायस्कूलमध्ये मागे पडलेल्या मुलाला लवकर निघण्यात तोटाच आहे. दुसरं वर्ष पूर्ण केल्यावर तो जुना रेकॉर्ड मागे पडतो. अर्जाच्या तारखा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, त्यामुळे फॉलचे पूर्ण ग्रेड हातात येतात. ही मात्र मोठी सोय आहे.

शिफारसपत्रासाठी ऑक्टोबरपासून प्राध्यापकांच्या ऑफिस अवरला जायला लागा. चाळीस मुलांच्या वर्गात मागे बसून ए आणलेल्या विद्यार्थ्याबद्दल प्राध्यापक बिचारे काय लिहिणार? आपल्या मुलांना ‘सरांना उगाच कशाला त्रास’ असं वाटतं. तो त्रास नाही, ते त्यांचं काम आहे.

हायस्कूलमध्येच कॉलेजचे बरेच कोर्स झालेत. ती ट्रान्सफर विद्यार्थिनी ठरते का?

नाही. हायस्कूलची पदवी मिळण्याआधी कितीही कॉलेज युनिट केले तरी ती पहिल्या वर्षाचीच अर्जदार असते. लगेचच्या उन्हाळ्यात कोर्स घेतले तरीही. पण फॉलमध्ये कॉलेजात नियमित नोंदणी केली की यूसीकडे पहिल्या वर्षाचा अर्ज करण्याचा रस्ता बंद होतो. ‘एक सेमिस्टर कम्युनिटी कॉलेजला जाऊन बघू, नाहीतर पुन्हा फ्रेशमनचा अर्ज करू’ असा बेत काही घरांत शिजतो. तो यूसीत चालत नाही.

पैशांचा हिशोब कसा बसतो?

रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर आहे, म्हणजे ६० युनिटांचे २,७६० डॉलर. प्रॉमिस योजनेत अनेक कॉलेजांत पहिल्यांदा आलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना दोन वर्षांपर्यंत तीही माफ होते. यूसीत रहिवाशाची नुसती ट्यूशन आणि फी वर्षाला १५ हजार डॉलरच्या आसपास, राहणं-जेवण वेगळं. मोठ्या खासगी विद्यापीठांत सगळं धरून ९० हजारांच्या पुढे.

यावरून दोन प्रकारच्या ‘लवकर’मधला फरक उघड दिसतो. ६० युनिट एका वर्षात करून यूसीत ज्युनियर झालात तर एक वर्ष आधी नोकरीला लागता. ३० युनिटांवर खासगी विद्यापीठात सोफोमोर झालात तर स्वस्तातलं एक वर्ष देऊन महागातलं एक वर्ष घेतलंत. भरघोस आर्थिक मदत मिळत असेल तर तेही योग्य ठरेल, पण मदतीचं पत्र हातात आल्याशिवाय होकार देऊ नका. फॅफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरताना ट्रान्सफरच्या विद्यापीठांची नावं त्यात घाला; राज्याच्या कॅल ग्रँट या मदतीची मुख्य तारीख २ मार्च असते. जॅक केंट कुक फाउंडेशनची ट्रान्सफर स्कॉलरशिप वर्षाला ५५ हजार डॉलरपर्यंत जाते. स्पर्धा तीव्र असते, तरी उत्तम ग्रेड असलेल्या गरजू मुलाने अर्ज करायलाच हवा.

मी पुण्याहून एफ-१ वर आलोय. माझ्यासाठी काय वेगळं आहे?

फी पहिली. परदेशी विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजातही कित्येक पट जास्त भरावी लागते, आणि यूसीत नेहमीच्या ट्यूशनवर वर्षाला ३४ हजार डॉलरांहून जास्त वेगळी भर पडते. म्हणून यूसीत घालवायचं प्रत्येक जादा क्वार्टर महाग आहे. मेजरच्या तयारीचे कोर्स कम्युनिटी कॉलेजातच संपवून जा.

दर टर्मला किमान १२ युनिट घ्यावेच लागतात आणि त्या पूर्णवेळ भारात ऑनलाइन कोर्स एकच धरला जातो. भराभर युनिट जमवण्यासाठी ऑनलाइनचा मारा करणारे मित्र दिसतील. ते रहिवासी आहेत, त्यांचं पाहून तू करू नकोस.

प्रवेश मिळाल्यावर सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्याची सरकारी नोंद) नव्या विद्यापीठाकडे सोडायची तारीख दोन्हीकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयांशी बोलून ठरव. रेकॉर्ड गेला की जुन्या आय-२० वरची (कॉलेज एफ-१ साठी देतं त्या दाखल्यावरची) कामाची परवानगी संपते, त्यामुळे कॅम्पसवर नोकरी करत असशील तर तारीख नीट निवड. व्हिसावरची मुदत शिल्लक असेल तर नव्या शिक्क्याची गरज नसते, नवा आय-२० लागतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये होमलँड सिक्युरिटी खात्याने नियमबदलाचा एक मसुदा मांडला. ज्या संस्थेने पहिला आय-२० दिला तिथे पहिलं शैक्षणिक वर्ष पूर्ण केल्याशिवाय ती बदलता येऊ नये, अशी तरतूद त्यात होती. लवकर ट्रान्सफर करणाऱ्याला थेट लागू पडणारी ही गोष्ट आहे. अर्जाच्या आधी आपल्या डीएसओला (कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) विचारून सद्यस्थिती पक्की करून घे.

मुलगी एच-४ वर आहे आणि लवकरच २१ ची होईल. घाई करावी का?

हा प्रश्न ऐकला की माझा जीव खालीवर होतो, कारण इथे चूक मुलांची काहीच नसते. आई-वडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून, एच-४ वर लहानपणापासून इथे वाढलेली मुलगी एकविसाव्या वाढदिवसाला अवलंबितांच्या यादीतून बाहेर पडते आणि ग्रीन कार्डाची रांग संपलेली नसते. शिक्षण चालू ठेवायला तिला बहुधा एफ-१ घ्यावा लागतो. एच-४ वर असताना कॅलिफोर्नियाची रहिवासी म्हणून नोंद होऊ शकते. एफ-१ वर ती नव्याने मिळवता येत नाही.

म्हणून अशा घरांत लवकर ट्रान्सफरचा विचार खरोखर व्हायला हवा. पण कॉलेजचं वर्ष आणि व्हिसाचं वर्ष एकाच कागदावर मांडून : वाढदिवस कोणत्या टर्ममध्ये येतो, व्हिसा बदलायचा अर्ज कधी करायचा, नव्या विद्यापीठात रहिवासाची नोंद कोणत्या तारखेच्या स्थितीवर ठरते. विद्यापीठाचं रेसिडेन्सी कार्यालय आणि इमिग्रेशन वकील, दोघांना विचारा. मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या ओळखीच्यांचा अनुभव ऐका जरूर, पण त्यांची तारीख वेगळी असते, प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख) वेगळी असते.

भारतात एफवाय झालं आहे. ते धरतात का?

बारावीचे युनिट मिळत नाहीत. मान्यताप्राप्त विद्यापीठातल्या एफवायचे काही मिळू शकतात. कम्युनिटी कॉलेज बहुधा एखाद्या मूल्यांकन संस्थेचा कोर्सवार अहवाल मागतं. यूसी मात्र परदेशी गुणपत्रिका स्वतः तपासते, त्यामुळे कॉलेजने मान्य केलेले युनिट यूसी तसेच्या तसे धरेल असं गृहीत धरू नका. एफवाय बीएस्सीचं गणित झालंय म्हणून कॅल्क्युलस सोडून देऊ नका. एफवायमध्ये नापास झालेले विषय असले तरी ते लपवता येत नाहीत. शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं नाव अर्जात द्यावं लागतं, आणि एखादं गाळलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

एखादा डब्ल्यू आला तर?

डब्ल्यू म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची नोंद. एका डब्ल्यूने काही बिघडत नाही. मेजरच्या कोर्समध्ये ओळीने दोन-तीन दिसले तर प्रश्न विचारले जातात. पास-नो पास ग्रेडचे यूसी १४ सेमिस्टर युनिटांपर्यंतच धरते. मेजरच्या कोर्सना अक्षरी ग्रेडच घ्या.

मला इथे फार कंटाळा आलाय. मित्र सगळे यूसीत गेले. म्हणून लवकर जायचंय.

हे तू स्पष्ट सांगितलंस ते फार बरं झालं, कारण पुष्कळ मुलं यावर ‘करिअर’ नावाचं पांघरूण घालतात. एकटं वाटणं खरं असतं. वर्ग संपला की सगळे गाडीत बसून कामावर जातात, होस्टेल नाही, रात्री गप्पा नाहीत. मित्रांचे डॉर्मचे फोटो बघत जेवायचं हे सोपं नाही.

तरीही या एका कारणासाठी पुढच्या तीन वर्षांचा आराखडा बदलू नकोस. ऑनर्स प्रोग्रॅममध्ये जा. तिथे वर्ग लहान असतात आणि तुझ्यासारखीच ट्रान्सफरच्या वाटेवरची मुलं भेटतात. यूसीएलएच्या टॅप योजनेतल्या कॉलेजांत ऑनर्स पूर्ण केलं तर यूसीएलएच्या अर्जाला बळ मिळतं. एक टर्म झाल्यावर जवळच्या यूसी किंवा सीएसयूमध्ये एखादा कोर्स क्रॉस-एनरोलमेंटने, म्हणजे आपल्याच कॉलेजात राहून, घेता येतो. गणिताच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये काम मिळतं का बघ. तिथे ओळखी फार लवकर होतात.

आणि हे सगळं करूनही मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर कॉलेजच्या मानसिक आरोग्य सेवेत जा. ती विद्यार्थ्यांसाठीच आहे.

पदवीवर कम्युनिटी कॉलेजचं नाव येतं का? नातेवाइकांना काय सांगायचं?

पदवी बर्कलीची तर प्रमाणपत्र बर्कलीचं. नातेवाइकांना जे आहे ते सांगा. अॅपलचे स्टीव्ह वॉझनियॅक डी आन्झात शिकून बर्कलीला गेले होते.

अर्ज भरून झाला. आता?

जानेवारीत यूसीचा अॅकॅडेमिक अपडेट भरा, फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगचे ठरवलेले कोर्स दोन्ही. निकाल मार्च-एप्रिलमध्ये येतात, होकार १ जूनपर्यंत कळवायचा. स्प्रिंगमध्ये एखादा कोर्स सोडायचा असेल तर सोडण्याआधी त्या कॅम्पसला लिहून विचारा. प्रवेश सशर्त असतो, आणि एक वर्षात जाणाऱ्यांचं सगळं गणित स्प्रिंगच्या त्या शेवटच्या युनिटांवर टेकलेलं असतं.

नकार आला तर एका वर्षात जाऊ पाहणाऱ्या मुलाचं त्यात फारसं नुकसान नाही. तो ज्युनियरच्या दाराशी एक वर्ष आधी पोचला होता एवढंच. दुसऱ्या वर्षी टॅग घेऊन आणि पूर्ण वर्षाचे ग्रेड घेऊन तो पुन्हा अर्ज करू शकतो. फक्त युनिट जमवण्यासाठी भलते कोर्स करत बसू नका. त्या वर्षात साखळीतले राहिलेले कोर्स संपवा. कम्युनिटी कॉलेजमधले ७० सेमिस्टर युनिटांपर्यंतच यूसी पदवीच्या हिशोबात धरते. त्यापुढच्या कोर्सना विषयाचं श्रेय मिळतं, युनिट वाढत नाहीत.

ज्या ज्या कॉलेजात एकही वर्ग घेतला असेल त्या प्रत्येकाची अंतिम ट्रान्स्क्रिप्ट १ जुलैपर्यंत पोचवा. उन्हाळ्यात घेतलेल्या त्या एका ऑनलाइन कोर्सचीही. एपीचे गुण कॉलेज बोर्डकडून थेट पाठवावे लागतात. हायस्कूलच्या कागदावर छापलेले चालत नाहीत.